वहीत नसलेली गाडी

"आवं इंजिनेर, वह्या मागताय का माजं आतडं मागताय?"

"नुसत्या बघायला, दोन्या सातुर्निना. आठ दिवसांत परत आणून देतो."

"बगाया म्हनूनच माज्या थोरल्या भावानं मेंढी न्हेलती. तिची लोकरबी माघारी आली न्हाई."

बोलता बोलता तिचं अर्धं लक्ष रस्त्यावर होतं. निळी बस वेग कमी करत कोपऱ्याला आली, तशी सातुर्निना फुटपाथवरून खाली उतरली आणि खिडकीकडं तोंड करून ओरडली, "निळी आठ, लाल तीन! पळ मुडद्या, लाल तुजी मानसं येचत चाललीया!" ड्रायव्हरनं नाणं फेकलं. तिनं ते हवेतल्या हवेत झेललं, मनगटावरच्या पुरुषी घड्याळात बघितलं आणि वहीत निळीच्या रकान्यात मिनिट टिपलं. बस धूर सोडत पळाली. नगरपालिकेचा इंजिनेर अल्दाना खोकत बाजूला झाला. समुद्राकडचा माणूस, बाईमाणसाला मानानं दोन्या म्हणणारा; डोंगरातल्या चिल्कामार्कात येऊन दीड वर्ष झालं तरी त्याचा मफलर भर उन्हातही सुटत नव्हता.

टपालकचेरीच्या कोपऱ्यावर हे काम सातुर्निना पोमालासा अकरा वर्षं करत होती. अशा बाईला तिकडं दातेरा म्हणतात. एकाच रस्त्यावर लाल, निळ्या आणि पांढऱ्या अशा तीन कंपन्यांच्या बसगाड्या. तिघींची माणसं तीच. पुढची गाडी जाऊन आठ मिनिटं झाली असतील तर थांब्यावर माणूस साचलेला असणार, मग निवांत जायचं. दोनच मिनिटं झाली असतील तर तिला गाठून मागं टाकायचं, नाहीतर दिवसभर रिकामी बाकडी हिंडवायची. पण पुढची कधी गेली हे मागच्याला कसं कळणार? ते सातुर्निना सांगायची. तीन रकाने, तीन रंग, घड्याळ आणि घसा. एवढंच तिचं भांडवल.

ती आली होती काढा विकायला. नवरा कॉफीच्या तोडणीला जंगलाकडं गेला आणि तिकडंच दुसरी चूल मांडून बसला. पोर पदरात. तेव्हा जवस, सातू आणि घोडशेपटीच्या पाल्याचा गरम काढा किटलीत भरून ती या कोपऱ्यावर उभी राहायला लागली. ड्रायव्हर काढा पिता पिता विचारायचे, मावशे, लाल गेली का गं? गेली. कवा? ती सांगायची, आणि तिचं मिनिट कधी चुकायचं नाही. तिसरीपर्यंत शिकलेली, पण आकडा डोक्यात घुसला की खिळ्यासारखा बसायचा. काढा नको, आकडा सांग, असं म्हणून पैसे टाकायला लागले, तशी तिनं किटली घरी ठेवली आणि वही घेतली.

तोंड तिखट होतं. लाल गाडीचा रुफो मुद्दाम तिला डिवचायचा. "मावशे, घड्याळ नवऱ्याचं का मित्राचं?" "तुज्या बापाचं हाय रं, मरताना मला दिऊन गेला, म्हनला पोराला येळंचं भान न्हाई." मागची सगळी बस हसायची. पण एकदा तिनं सांगितलेल्या 'दोन'वर पेटून एका पांढऱ्या गाडीनं संत्र्यांची हातगाडी उडवली आणि हातगाडीवाल्याच्या पायाचा चुरा झाला. चार दिवस ती कोपऱ्यावर आली नाही. पाचव्या दिवशी आली. घरातलं पीठ संपलं होतं.

इंजिनेरानं त्या हातगाडीवाल्याचीच गोष्ट काढली.

"ही शर्यत बंद करायचीय, दोन्या सातुर्निना. नगरपालिका आणि तिन्ही कंपन्या एकत्र बसल्यात. सगळ्यांनी ठरलेल्या वेळेला निघायचं. एकच तिकीट. जिथं गाडी परवडत नाही त्या गावांच्या गाडीला डिझेल नगरपालिका देणार. पण कुठली गाडी खरोखर कधी जाते, हे कंपन्या सांगत नाहीत. तिघीही खोटं बोलतात. खरं फक्त तुमच्या वह्यांत आहे."

"आन् शर्यत बंद झाल्यावर माजं काय?"

इंजिनेरानं मफलर सारखा केला. "प्रत्येक गाडीत पेटी बसेल. तुमचं काम बहुतेक राहणार नाही."

हे त्यानं खरं सांगितलं म्हणून ती त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघायला लागली. खोटं बोलणारा साहेब तिनं पुष्कळ पाहिला होता, खरं सांगून वह्या मागणारा हा पहिला.

"उच्पापाताला दुसरी गाडी हुईल का?" तिनं विचारलं.

उच्पापाता म्हणजे तिचं गाव. चिल्कामार्कापासून दोन तास वर, साठ घरं, बटाटा आणि मेंढरं. गावाला गाडी एकच. सकाळी पाचला खाली यायला निघते, दुपारी पावणेचारला वर जाते. सकाळची गाडी चुकली की आजारी माणसानं दुसऱ्या सकाळपर्यंत दम धरायचा. दोन वर्षांखाली पाब्लिताच्या सुनेनं दम धरला नाही. बाळंतपणात गेली, पोटातल्यासकट.

"मागणी दिसली तर दुसरी काय, तिसरीही होईल," इंजिनेर म्हणाला. "त्यासाठीच तर वह्या हव्यात."

दुसऱ्या दिवशी तिनं पिठाच्या पोत्यात एकोणतीस वह्या बांधून आणल्या आणि नगरपालिकेच्या पायरीवर ठेवल्या. वह्या दिल्याच्या कागदावर सही केली. सहीला पाच मिनिटं लागली.

*

उच्पापाताची ती एकमेव गाडी तेओदोमिरोची. सगळे त्याला मिरो म्हणायचे. गाडी पिवळी होती असं जुने लोक सांगायचे. बावीस वर्षं मिरोनं ती त्या दगडी घाटात झिजवली होती. टपावर बटाट्याची पोती, पत्रे, बांधलेली मेंढरं. आत माणसं, कोंबड्या आणि क्रिसान्ताच्या चीजच्या टोपल्या. क्रिसान्ता ही सातुर्निनाची शेजारीण. तिच्या टोपल्यांच्या वासानं गाडीत नवखा माणूस नाक धरायचा आणि गाववाले भुकेले व्हायचे.

मिरो हा सातुर्निनाचा कोम्पाद्रे. तिच्या पोरीच्या, नेलिदाच्या जावळाची पहिली बट त्यानं कापली होती. पहिली बट कापणारा तो पोरीचा धर्मबाप, आणि पोरीच्या आईचा कोम्पाद्रे. ती त्याची कोमाद्रे. हे नातं सख्ख्या भावाच्या वर. सख्ख्या भावाशी बांधावरून भांडता येतं, कोम्पाद्रेशी येत नाही. त्याच्याशी हिशेब धरायचा नाही आणि त्याचं नाव हिशेबात घ्यायचं नाही. नेलिदा आता राजधानीत शिलाई मशीनवर बसते, पण नातं जागच्या जागी.

तर मिरो सातुर्निनाकडून तिकीट घ्यायचा नाही. रोज सकाळी ती त्याच्याच गाडीतून खाली यायची, ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनच्या झाकणावर बसून, ढुंगण शेकत. आणि दुपारी त्याची गाडी कोपऱ्यावर दिसली की ती वही मिटायची, पिशवीत घालायची, हात करायची आणि चढायची. अगदी सुरवातीला एकदा मिरोनं इतरांचं बघून गमतीनं नाणं फेकलं होतं. तिनं ते उचलून काचेवर परत मारलं. "कोम्पाद्रे, पुन्यांदा असलं केलंस तर गाडी फोडून ठिवीन." त्यानं पुन्हा केलं नाही.

*

करार झाला तेव्हा चौकात बँड वाजला. नगराध्यक्षानं फीत कापली, तिन्ही कंपन्यांच्या मालकांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले, आलेल्या-गेलेल्याला तळलेल्या डुकराच्या मांसाचे पाव मिळाले. यापुढं रस्त्यावर फक्त करारातल्या गाड्या चालणार होत्या. त्यांची यादी नगरपालिकेच्या दारावर लावली होती.

क्रिसान्ताला वाचता येत नव्हतं, पण मिरोच्या गाडीच्या पाटीमुळं गावाचं नाव ती चेहऱ्यासारखं ओळखायची. ती यादीपुढं पाव खात उभी होती. खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं.

"सातु, आपलं गाव कुटं दिसंना गं."

सातुर्निनानं पाव तसाच पिशवीत टाकला आणि पुढं झाली. सत्तेचाळीस गावं. बोटानं एकेक ओळ पुसत गेली. उच्पापाता नव्हतं.

इंजिनेर कचेरीत होता. तिला बघून तो उठून उभा राहिला, आणि तो उठला तेव्हाच तिला कळलं की त्यालाही ठाऊक आहे.

"मी बैठकीत नाव घेतलं होतं, दोन्या सातुर्निना. शपथेवर सांगतो. पण कंपन्यांचे मालक म्हणाले, पुरावा दाखवा. त्या रस्त्यावर टायर फुटतात, त्यांना ते गाव नकोच होतं. मी म्हटलं, पुरावा आहे, आणि तुमच्या वह्या त्यांच्यासमोर टेबलावर ठेवल्या." त्यानं कपाटातून पोतं काढलं. "तुम्हीच दाखवा. कुठं आहे उच्पापाता?"

"कुटं म्हंजे? रोज जातीया की!"

"वहीत दाखवा."

तिनं एक वही उघडली. लाल, निळी, पांढरी. दुसरी उघडली. लाल, निळी, पांढरी. सकाळी सात वाजून पाच मिनिटांपासून दुपारी तीन पस्तीसपर्यंत, दिवसामागं दिवस, अकरा वर्षं, ते हातगाडीचे चार दिवस सोडले तर एकही दिवस रिकामा नाही. सातच्या आधी काही नाही. पावणेचारच्या पुढं काही नाही. दहाव्या वहीला तिचा हात सावकाश झाला.

ती ज्या गाडीतून उतरायची तिथून वही सुरू व्हायची आणि जिच्यात चढायची तिथं संपायची. आपण बसून आलेली गाडी वहीत कोण लिहील? आणि लिहिणार तरी कुठल्या रकान्यात? जे नाणं फेकायचे त्यांचं मिनिट ती टिपायची. कोम्पाद्रेचं नाणं नाही, म्हणून मिनिट नाही.

"तुमी मोजनीला मानसं लावलीती," ती म्हणाली. "त्यास्नीबी दिसली न्हाई व्हय?"

"ती आठला यायची. तीनला परत जायची. कचेरीची वेळ." इंजिनेरानं खाली बघत सांगितलं. "त्यांचे आकडे आणि तुमचे आकडे तंतोतंत जुळले. मालक म्हणाले, इतकी खात्रीची नोंद आम्ही कधी पाहिली नाही."

*

त्या दुपारी ती इंजिनच्या झाकणावर बसली. शहराबाहेरचा पूल गेला. मग तिनं सगळं सांगितलं. लपवणं तिला जमत नव्हतं.

मिरोनं एक वळण घेतलं, दुसरं घेतलं.

"अकरा वर्सं," तो म्हणाला. "अकरा वर्सं रोज हात करून मला थांबवलंस. आन् तुज्या वहीत मी न्हाईच?"

"तुला काय म्हनून लिवू? नानं घेतलं असतं तर लिवलं असतं."

"मग घ्यायाचं की!"

"तुज्याकडनं?"

मागून क्रिसान्ता म्हणाली, "म्हंजे मिरो भूत हाय म्हना. आपन भुताच्या गाडीत बसून चीज इकाया जातोया." दोघंतिघं हसली. मिरो हसला नाही. त्याच्या परवान्याची मुदत दोन महिन्यांत संपत होती आणि करारात नसलेल्या गाडीला नवा परवाना मिळणार नव्हता.

इंजिनेरानं तिला एक वाट सांगितली होती. तीस दिवस उच्पापाताच्या गाडीची नोंद ठेवा. वेळ, गाडीचा नंबर, माणसं किती. सह्या-अंगठे घ्या. अर्ज लावून आणून द्या, मी पुरवणी यादीत घालतो.

"मला नगं," मिरो म्हणाला. "माजा नंबर, माजी येळ, कुटं थांबतो, किती भरतो, सगळं त्यांच्या हातात द्यायचं? आजवर परवाना सोडला तर कुटल्या कागदात न्हवतो, आन् कुनी इच्यारलं न्हाई."

"आता इच्यारत्याल. आन् तवा तुज्याकडं काय हाय दावायला? ही पाटी?"

"तुज्या वहीनंच घात केला आन् वहीनंच निस्तरनार हाईस?"

"व्हय," ती म्हणाली. "माज्या हातनं सांडलंय, मीच भरनार."

नवी वही घेतली. पहिल्या पानावर तिनं नवा रकाना आखला, चौथा, आणि त्याच्या डोक्यावर मिरोचं नाव लिहिलं. ते लिहिताना तिला परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. तीस दिवस ती चढण्याआधी दारात उभी राहून माणसं मोजायची. एकतीस. अठ्ठावीस. चौतीस, दोन मेंढरं वेगळी. म्हातारे कुरकुरायचे, आम्हाला का मोजतीस, मेल्यावर मोज. क्रिसान्ता अंगठ्याची शाई चीजला लागते म्हणून शिव्या घालायची. पण सगळ्यांनी अंगठे दिले. गावाच्या सभेत अर्ज वाचला गेला तेव्हा मिरोनंही सही केली, खाली बघून.

अर्ज घेऊन ती कचेरीत गेली तर इंजिनेर अल्दाना नव्हता. बदली होऊन समुद्राकडं परत गेला होता. त्याच्या टेबलावर एक बाई बसली होती, नखं रंगवलेली, बोलायला बरी. तिनं सगळी पानं चाळली, प्रत्येकावर शिक्का मारला आणि म्हणाली, "किती नीट लिहिलंय हो. लिहिलंय ते खरं का खोटं बघायला माणसं येतील तिथं. मग पुढचं."

"कंदी येत्याल?"

"येतील."

परवान्याची मुदत संपली. मिरो चालवत राहिला. दुसरं काय करणार? कोपऱ्यावर काम चालूच होतं. गाड्यांत पेट्या बसल्या होत्या, पण निम्म्या पेट्या पहिल्याच पावसात मुक्या झाल्या आणि उरलेल्यांवर ड्रायव्हरांचा विश्वास नव्हता. रुफो म्हणायचा, "पेटीला तोंड न्हाई मावशे. तुजं कसं, निदान शिव्या तरी देतीस." शर्यत पूर्वीसारखीच. फक्त तिकिटावर आता नगरपालिकेचा शिक्का होता.

*

माणसं आली ती एका गुरुवारी. दोघं, खाकी जाकिटातले, आणि एक पोलीस मोटरसायकलवर. सव्वातीनला येऊन कोपऱ्यावर उभे राहिले. एकाच्या हातात कागद होता. सातुर्निनानं लांबूनच ओळखला. तिच्या पानाची झेरॉक्स. सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ मारायची तिची खोड, ती सुद्धा छापून आली होती.

तिची छाती फुगली. अडीच महिने वाट बघितली होती. तिनं पलीकडच्या काढ्याच्या हातगाडीवरून तीन पेले काढा आणला, लिंबू जास्त पिळून.

"घ्या साहेब. थंडी हाय."

"हे तुमचंच अक्षर?" कागदवाल्यानं विचारलं.

"माजंच. अंगठं गावाचं."

"गाडी किती वाजता येते?"

"तीन बेचाळीस. काल एक्केचाळीसलाच आलती, बाजार मोडल्याला, रस्ता मोकळा हुता. पर बेचाळीस धरा. माज्या लिवन्यात मिनिटाचा फरक निगनार न्हाई."

"आणि थांबते इथं?"

"मी हात केला की थांबतीया."

साहेबानं काढा संपवला. पेला तिच्या हातात परत दिला. "छान होता," म्हणाला.

तीन बेचाळीसला मिरोची गाडी वळणावरून आली. टपावर पत्रे बांधलेले, काचेला कोपऱ्यात तडा. खाकी जाकिटं बघून त्यानं वेग कमी केला नाही; पुढं निघून जायचा त्याचा विचार असावा. पण सातुर्निना रस्त्यात उतरली आणि तिनं दोन्ही हात वर केले. हसत होती. तो थांबला.

दार उघडल्याबरोबर जाकिटवाला आत चढला आणि त्यानं हात लांब करून किल्ली काढली. इंजिन बंद पडलं.

"परवाना संपलेला. करारात नसलेली गाडी. बेकायदा वाहतूक. उतरा सगळे."

सातुर्निना पेले हातात घेऊन तशीच उभी. "आवं, खरं का खोटं बगायला आलाय न्हवं तुमी?"

"बघितलं की. खरं आहे." दुसरा जाकिटवाला दारावर कागद चिकटवत होता.

"आमी अर्ज दिलाय! पुरवनी यादीचा! शिक्का मारलाय बाईंनी!"

"बाई, यादी तीन वर्षांनी उघडेल. तोवर बेकायदा ते बेकायदा. तुमचा अर्ज आमच्याकडं आला, त्यात सगळं होतं, नंबर, वेळ, जागा. नाहीतर आम्ही दोन महिने हुडकत फिरलो असतो." तो उपकार मानल्यासारखं बोलला. मनानं वाईट नसावा.

माणसं उतरायला लागली. म्हातारा एउसेबिओ काठी आधी खाली टाकून. पोटुशी एक, तिच्या मागं सासू. कोंबड्या. क्रिसान्ताच्या रिकाम्या टोपल्या एकात एक घालून. टपावरचे पत्रे काढायला शिडी लागणार होती, पण पोलीस म्हणाला, ते राहू द्या, आवारातून सोडवून न्या. पत्रे पाब्लिताच्या घराचे होते. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून तिच्या पत्र्यांकडं बघत राहिली.

मिरो शेवटी उतरला. त्यानं जाकिटवाल्याच्या हातातला कागद मागितला, "बगू." त्यानं दिला. मिरोनं तो उन्हाकडं धरून वाचला. बोटानं एकेक ओळ. तीन बेचाळीस, तीन त्रेचाळीस, तीन बेचाळीस. वाचून झाल्यावर त्यानं कागद घडी न मोडता परत केला.

"कोमाद्रे," तो म्हणाला, "मिनिटबी चुकलं न्हाई की गं."

शिवी दिली असती तर ती उलट चार देऊन मोकळी झाली असती. त्याला गाडीबरोबर जप्तीच्या आवारात जायचं होतं. तो स्वतःच्याच गाडीत प्रवाशासारखा, दाराजवळच्या बाकावर बसला. जाकिटवाल्यानं चालवायला घेतली. त्याला दुसरा गिअर सापडेना. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली, आणि मिरोला बसल्या जागेवरून त्याला सांगावं लागलं, वर उचलून डावीकडं दाब, मग लागतोय.

रस्त्यावर एकोणतीस माणसं राहिली. सातुर्निनाला ते न मोजताच कळलं.

"आता?" कुणीतरी म्हणालं.

पुलापाशी संध्याकाळपर्यंत बटाट्याचा ट्रक मिळाला तर अर्ध्या वाटेपर्यंत सोडेल. पुढं तीन तास चालत. पोटुशीच्या सासूनं सुनेकडं बघितलं, मग चढाकडं बघितलं, आणि सुनेचं बोचकं स्वतःच्या पाठीवर बांधलं. एउसेबिओ आधीच चालायला लागला होता. तो हळू चालतो म्हणून आधी निघतो.

क्रिसान्ता टोपल्या डोक्यावर घेत म्हणाली, "येतीस का?"

तिच्या आवाजात राग होता का, हे सातुर्निनाला कळलं नाही. ती ज्यांचे अंगठे घेत महिनाभर फिरली होती, ती सगळी माणसं पुढं चालत होती आणि कुणी मागं वळून बघत नव्हतं. पुलापर्यंत अर्धा तास त्यांच्या बरोबरीनं चालायचं तिला होईना.

"तुमी व्हा फुडं," ती म्हणाली.

"आन् तू? रातच्याला कुटं निजनार?"

"बगीन."

क्रिसान्तानं थोडं थांबून टोपल्यांत हात घातला, तळाला राहिलेला चीजचा एक तुकडा कागदात गुंडाळला, तिच्या पिशवीत कोंबला आणि निघून गेली.

सगळा वेळ मागं गाड्या अडकून पडल्या होत्या. आता रस्ता मोकळा झाला तशा त्या भोंगे वाजवत पुढं सरकल्या. सगळ्यात पुढं रुफोची लाल.

"मावशे! झोपलीस का काय? निळी किती?"

तिनं घड्याळाकडं बघितलं. निळी कधी गेली ते तिनं बघितलंच नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडं आकडा नव्हता.

"पाच," ती म्हणाली.

रुफोनं नाणं फेकलं आणि गेला. ते तिला झेलता आलं नाही. पेले अजून हातातच होते. ते तिनं काढ्याच्या हातगाडीवर परत दिले, खाली वाकून नाणं उचललं, पिशवीतून वही काढली आणि दुपारची मिटायची जागा ओलांडून पुढच्या ओळीवर तीन अठ्ठावन्न लिहिलं, लालच्या रकान्यात. मागून पांढरी येत होती. ती फुटपाथवरून खाली उतरली.

"पांढरी! लाल आत्ताच गेलीया, एक! गाठाया जाऊ नगं, दमानं जा, मानूस न्हाई फुडं!"